चतुर्दशीची ओहोटी

आमची गोदावरी मोठी मानी बाई आहे. त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीवर जन्मली. तिथून अरबी समुद्र जेमतेम ऐंशी किलोमीटर. पण त्याच्याकडे पाठ फिरवून ती १,४६५ किलोमीटरचा वळसा घालते आणि थेट बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. नाशिककरांनी हा गुण तिच्यापासूनच उचलला असावा. मुंबई आमच्यापासून चार तासांवर. नोकरीच्या मुलाखतीला, मुलीच्या स्थळासाठी, मोठ्या डॉक्टरांना दाखवायला आम्ही मुंबईच्या खेपा घालतो. पण मुद्दाम समुद्र पाहायला म्हणून कुणी गेल्याचं मी तरी फारसं ऐकलेलं नाही. वाटेत दिसला तर टॅक्सीच्या खिडकीतून पाहतो आणि जाणत्याच्या थाटात ‘आज भरती दिसतेय’ असं म्हणतो. तेव्हा बहुधा ओहोटी असते.

आमच्या घरात समुद्राचा विषय निघाला तो आईमुळे. तिचं माहेर गिरगावातलं, चाळीतलं. १९५१ साली चर्नी रोड स्थानकाजवळ, मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. उद्‌घाटनाला खुद्द राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद आले होते. आठ लाख रुपये खर्च आला आणि त्यातले दोन लाख तारापोरवाला या पारशी दात्याचे, हा तपशील आमच्या आजोबांना पाठ होता. त्यांनी मुलांना ओळीनं उभं करून, केस विंचरून, पायी मत्स्यालय दाखवायला नेलं. तिथं आईनं समुद्रघोडा पाहिला. ‘बुद्धिबळातला घोडा पाण्यात उभा होता आणि शेपटीनं गवताची काडी धरून होता,’ हे वाक्य आम्ही भावंडांनी लहानपणी इतक्या वेळा ऐकलंय, की तो घोडा आमच्या घरातलाच एक माणूस झाला होता. १९६० साली लग्न होऊन ती कसारा घाट चढून नाशकात आली. समुद्र खाली राहिला, घोडा तेवढा बरोबर आला.

गेल्या वर्षी कोजागरीच्या सुमारास ती वर्तमानपत्र वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, ‘अरे, शब्दातलं मधलं अक्षर कुणीतरी खातंय.’ आम्हाला आधी छापखान्याचा दोष वाटला. डॉक्टरांनी डोळे तपासले आणि सांगितलं, की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. या दुखण्यात पूर्ण अंधार सहसा होत नाही. कडेचं दिसत राहतं, पण आपण ज्याच्याकडे रोखून पाहू नेमकं तेच पुसट होतं. वाचन जाईल, चेहरे ओळखू येणार नाहीत. किती दिवसांत? ‘वर्ष, दीड वर्ष. जे दाखवायचं असेल ते दाखवून घ्या,’ डॉक्टर म्हणाले. त्यांनी ते सहज म्हटलं असेल. आमच्या कानांना ते तसं लागलं नाही.

आईनं मात्र काही कुरकुर केली नाही. दोन दिवसांनी पोळ्या लाटता लाटता (त्याला डोळे लागत नाहीत असं तिचं म्हणणं) एवढंच म्हणाली, ‘पोरीला एकदा तो घोडा दाखवायचा राहिला.’ पोरगी म्हणजे माझी नात, तिची पणती. वय वर्षं सात.

झालं! रविवारी घरची सभा भरली. चिरंजिवांनी मोबाइल काढला आणि पाच मिनिटांत सभेवर पाणी ओतलं. तारापोरवाला बंद आहे. २०१५ साली नूतनीकरण करून, बारा फुटांचा काचेसारखा बोगदा घालून ते मोठ्या थाटात पुन्हा उघडलं होतं. २०२० साली साथीत बंद झालं ते झालंच. इमारत जुनी, समुद्राचा खारा वारा सत्तर वर्षं खाल्लेली. आता तिची अवस्था धोकादायक. नव्या मत्स्यालयाच्या बातम्या अधूनमधून येतात, पण बातमीत मासे पोहत नाहीत.

आता हे आईला सांगायचं कोणी? सगळे एकमेकांकडे पाहू लागले. ती स्वयंपाकघरात होती. आमच्या घराण्यात वाईट बातमी सांगायची वेळ आली की प्रत्येकाला दुसऱ्याचा स्वभाव फार गोड वाटू लागतो. तेव्हा आधी दुसरी सोय पाहू आणि मग सांगू, असं ठरलं.

सोयी निघाल्या त्या अशा. सूनबाई म्हणाल्या, सुरतेला पालिकेचं मत्स्यालय आहे, सापुताऱ्यावरून मोटारीनं जाता येईल. चिरंजीव म्हणाले, जायचंच तर अहमदाबादला जाऊ. तिथल्या सायन्स सिटीत २०२१ साली जलचरांचं मोठं दालन झालंय, अठ्ठावीस मीटरचा बोगदा आहे, डोक्यावरून शार्क जातात. आईच्या कमरेचा विचार करता सापुताऱ्याचा घाट आणि अहमदाबादचा पल्ला, दोन्ही तिच्या डोक्यावरून गेले असते. हिनं सुचवलं, की हल्ली गावोगावच्या मैदानांवर ‘पाण्याखालचा बोगदा’ म्हणून प्रदर्शन लागतं, तसं नाशकात येईल तेव्हा बघू. मागे असंच एक आम्ही पाहिलं होतं. मासे होते, नाही असं नाही; पण बोगदा संपायच्या आत भज्यांचा वास सुरू झाला आणि नातीच्या आठवणीत भजीच राहिली.

अमेरिकेतल्या बहिणीला फोनवर बोलताना सुगावा लागला. ती सॅन दिएगोला असते. तिथं १९६४ पासून ‘सी-वर्ल्ड’ म्हणून जगप्रसिद्ध उद्यान आहे. ‘अरे, पोरीला घेऊन इकडेच ये की! एवढाले मासे उड्या मारतात!’ तिचा उत्साह असा, की जणू आम्ही पंचवटीतून नाशिकरोडला निघालोय. मग तीच थोडी हळू आवाजात म्हणाली, की त्या उड्या मारणाऱ्या ऑर्का देवमाशांवरून तिकडे बराच वाद झाला आणि २०१६ साली त्यांची पैदास थांबवायचं त्या कंपनीनं जाहीर केलं. आता जे आहेत ते शेवटचे.

आपल्याकडे हा प्रश्न उड्या मारण्याआधीच मिटला. १९९८ साली चेन्नईजवळच्या एका उद्यानात बल्गेरियाहून डॉल्फिन आणले होते. ते काही महिन्यांतच मेले. पुढं २०१३ साली केंद्र सरकारनं डॉल्फिन कोंडून खेळ करायला देशभर मनाई केली. मला विचाराल तर ते फार बरं झालं. ज्याला दिवसाला पन्नास कोस पोहायची सवय, त्याला हौदात घालून त्याच्याकडून चेंडू झेलायला लावणं म्हणजे एखाद्या कीर्तनकाराला कोंडून त्याच्याकडून फक्त ‘पुंडलिक वरदे’ म्हणवून घेण्यासारखं आहे.

ही सगळी चर्चा जिन्यात ऐकू जात असावी, कारण वरच्या मजल्यावरचे शेजारी खाली आले. ते मूळचे मालवणचे. नोकरीनिमित्त तीस वर्षं नाशकात आहेत, पण त्यांचं घड्याळ अजून समुद्रावर लावलेलं आहे. ‘सी-वर्ल्ड’ हा शब्द ऐकताच ते खुर्ची ओढून बसले. त्यांच्याच मालवण तालुक्यात, तोंडवळी-वायंगणीला सरकार सी-वर्ल्ड बांधणार होतं. आधी १३९० एकर जमीन लागणार म्हणाले. गावकऱ्यांनी हिशेब केला, की मासे पाहायला लोक येतील, पण आमच्या आंब्या-काजूचं आणि घराचं काय? विरोध झाला, मोजणी अडली, आकडा खाली आला, वर्षं गेली. सी-वर्ल्ड काही उभं राहिलं नाही. ‘आणि गंमत बघा,’ शेजारी म्हणाले, ‘त्याच मालवणच्या समुद्राला १९८७ साली सरकारनंच सागरी अभयारण्य केलंय. तारकर्लीला होडीत बसा, डॉल्फिन फुकट दिसतात. कुणी शिट्टी वाजवायला नको.’

मालवण म्हणजे आईला घेऊन किमान चार दिवस. सूनबाईंना रजा नाही, नातीला शाळा. हिला विचारलं तर ती म्हणाली, ‘तुमची चर्चा होईपर्यंत सासूबाईंचे डोळे थांबणार आहेत का?’ हा प्रश्न कुणालाच नको होता, पण तो सगळ्यांच्या मनातला होता.

तेवढ्यात आई बाहेर आली. कणकेचा हात पुसत तिनं विचारलं, ‘काय रे, तारापोरवाला बंद आहे ना?’

सगळे गप्प. तिला म्हणे आठवड्यापूर्वीच माहीत झालं होतं. रेडिओवर काहीतरी ऐकलं होतं.

‘बरं, मत्स्यालय बंद आहे,’ ती म्हणाली. ‘समुद्रसुद्धा बंद आहे का?’

यावर सभेत कुणाकडेही उत्तर नव्हतं. शेजाऱ्यांनी मात्र मांडीवर थाप मारली. ‘आजी, बरोबर बोललात! समुद्र थंयच आसा. पण तुमका वेळ गावाक होयी.’ आणि मग त्यांनी जे सांगितलं, त्यानं माझ्यासारख्या निवृत्त गणित-मास्तरची ती संध्याकाळ सार्थकी लागली.

गिरगाव चौपाटी, हाजीअली, वरळी, जुहू, सगळीकडे पाणी मागे हटलं की खाली जिवंत समुद्र उघडा पडतो. खेकडे, शिंपले, समुद्रफुलं. हाजीअलीच्या खडकांवर तर चक्क प्रवाळ. मुंबईच्या सागरी रस्त्याच्या कामात २०२० साली प्रवाळाच्या अठरा वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या, तेव्हा कुठे पुष्कळ मुंबईकरांना कळलं, की आपल्या दारात प्रवाळ आहे. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ ही मंडळी २०१७ पासून ओहोटीच्या वेळी लोकांना किनाऱ्यावर हिंडवून हे सारं दाखवतात. मत्स्यालयात आपण काचेबाहेर असतो. इथं काच नाही एवढंच. पण पाणी हटलेलं असायला हवं.

‘ते कधी हटतं?’ मी विचारलं.

‘आज तिथी काय?’ शेजारी म्हणाले. ‘तिथीची पाऊणपट करा. तेवढे वाजता पूर्ण भरती. त्यात सहा-सव्वासहा तास मिळवा की सुकती.’ सुकती म्हणजे ओहोटी. चतुर्थी असेल तर चोक पाऊण तीन: तीन वाजता भरती, नवाच्या पुढं ओहोटी. झालं गणित! कोळ्यांच्या पोरांना हे पाढ्यांच्या आधी येतं. मी कागद घेऊन बसलो. चंद्र रोज साधारण अठ्ठेचाळीस-पन्नास मिनिटं उशिरा येतो, म्हणून भरतीही तेवढीच मागे सरकते. कोळ्यांनी तोंडी हिशेबासाठी त्याचा पाऊण तास केला. चिरंजिवांनी मोबाइलवर भरतीचं सरकारी वेळापत्रक काढून ताडून पाहिलं. पंधरा-वीस मिनिटांच्या आत जुळलं. त्या क्षणी आमच्या घरात मोबाइलपेक्षा कालनिर्णयची पत वाढली.

पण खरी मेख पुढं होती. नाशिकहून एका दिवसात मुंबई करून यायची तर पंचवटी एक्स्प्रेसला पर्याय नाही. १९७५ पासून ती नाशिककरांची वाहतेय. सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोड सोडते, संध्याकाळी सव्वासहाला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून परत निघते. चिरंजिवांनी मोटारीचा आग्रह धरला होता, पण कसाऱ्यापासून भिवंडीपर्यंत रस्ता कुणाला किती वेळ धरून ठेवील हे ब्रह्मदेव जाणे, आणि ओहोटी काही आपल्यासाठी थांबत नाही. (गाडीही उशिरा येते म्हणा, पण तिच्यात पाय मोकळे करता येतात, आणि आईला मोटारीतली ती एकाच जागी बसण्याची शिक्षा सोसत नाही.)

आता बघा. पाणी सगळ्यात जास्त मागे हटतं ते पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी. ना धड वर, ना धड खाली. एकादशीला गणित सुरेख बसतं: सव्वाआठला भरती, अडीचला ओहोटी, वेळच वेळ, पण पाणी फारसं हटतच नाही. पौर्णिमेला हटतं भरपूर. पण पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी साडेपाचला, आणि सव्वासहाची गाडी! ब्याऐंशी वर्षांच्या बाईला चौपाटीवरून पळवत न्यायचं का? त्यापुढच्या तिथींना ओहोटी सरळ रात्रीत जाते किंवा पहाटे. समुद्र आणि मध्य रेल्वे यांचं वेळापत्रक एकमेकांना विचारून केलेलं नाही, हे मला त्या दिवशी नीट कळलं.

उरली चतुर्दशी. चौदाची पाऊणपट साडेदहा. ओहोटी पावणेपाचला. पाणी दोन-अडीच तास आधीपासून हटू लागतं, म्हणजे साडेतीनला वाळूत उतरायचं, सव्वापाचला टॅक्सीत बसायचं. शिवाय तो रविवार हवा. मी पानं उलटली. पौष शुद्ध चतुर्दशी, १२ जानेवारी, रविवार! पुढं दोनच दिवसांनी संक्रांत. इतकं सुबक उत्तर मला पेपर तपासताना फार थोड्या वेळा मिळालंय.

बाकीची तयारी हिच्या अखत्यारीत. दशम्या, लसणीची चटणी, आगाऊ केलेल्या तिळाच्या वड्या. आईसाठी घडीची खुर्ची, टेकायला काठी, आणि टोपी, कारण चौपाटी पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि तिच्या डोळ्यांना समोरचं ऊन सोसत नाही. हे टोपीचं मला सुचलं नसतं. नातीला ताकीद दिली: काही उचलायचं नाही, दगड उलटे करायचे नाहीत, जिवंत शंख घरी आणायचा नाही. ‘मग जायचं कशाला?’ तिनं विचारलं. ‘बघायला,’ आई म्हणाली.

गाडी वेळेवर होती हे नोंदवून ठेवलं पाहिजे. दुपार गिरगावात एका नातलगांकडे काढली. चौपाटीवर जाताना टॅक्सी मत्स्यालयासमोरून नेली. आईनं मान वळवून, डोळ्यांच्या कडेनं बंद दाराकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘रंग बदललाय.’ बस, तेवढंच.

वाळूत उतरलो तेव्हा पाणी चांगलंच लांब गेलं होतं. ओल्या वाळूच्या कडेला खुर्ची मांडली. पहिली दहा मिनिटं आम्हाला काहीच दिसलं नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि निर्माल्य मात्र दिसलं. ते न सांगणं खोटं होईल. वह्या घेऊन हिंडणाऱ्या कॉलेजातल्या दोन मुली भेटल्या. त्या म्हणाल्या, ‘चालू नका, एका जागी बसा आणि थांबा.’ बसलो. मग वाळू हळूहळू हलू लागली. शंख चालू लागले. आत दुसऱ्याच्या घरात बिऱ्हाड केलेले खेकडे. चिखलातून निवटी टुणकन उडाली. नखासारखा पातळ, आरपार उजेड जाईल असा एक रिकामा शिंपला सापडला. गोव्याच्या जुन्या घरांतून खिडक्यांना काचेऐवजी हेच शिंपले बसवत. एक वाळूची गोल पट्टी दिसली, सदऱ्याच्या कॉलरसारखी. मी ती कुणाचा तरी कचरा समजून काठीनं सारणार, तोच मुलगी म्हणाली, ‘काका, ती अंडी आहेत!’ एक गोगलगाय वाळू आणि चिकट रस कालवून ही कॉलर घडवते, आणि अंडी त्या वाळूतच लिंपलेली असतात.

आई वाकून, मान एका बाजूला कलवून, तिरकी पाहत होती. सरळ पाहिलं की खेकडा नाहीसा व्हायचा. तिरकं पाहिलं की परत यायचा. नात तिच्या तोंडाकडे टक लावून पाहत होती. ‘पणजी, तू पण खेकड्यासारखीच बघतेस,’ ती म्हणाली. सूनबाईंनी डोळे वटारले. आई मात्र खूश होती. ‘हो ना? मग आम्हा दोघांना बरोबर दिसतंय.’

घोडा काही दिसला नाही. तो तिथं दिसणारही नव्हता. पण नातीनं विचारलंच, तेव्हा आईनं काठीचं टोक ओल्या वाळूत रोवलं आणि एका दमात त्याचं चित्र काढलं: लांबोळं तोंड, फुगलेलं पोट, खाली वळलेली शेपूट. ‘पोटात पिल्लं असतात त्याच्या. त्याच्या, तिच्या नव्हे बरं का. आई अंडी देते आणि बाप सांभाळतो.’ नातीनं वळून आपल्या बापाकडे जरा संशयानंच पाहिलं. मग बोटानं शेपटीचं वेटोळं आणखी एक वळसा वाढवून दिलं, ‘गवत धरायला’ म्हणून.

सव्वापाचला मी सगळ्यांना उठवलं. आई उठेना. पाणी अजून येत नव्हतं आणि त्या मुलींना म्हणे कुठल्याशा खडकावर समुद्रफूल दिसलं होतं. शेवटी पाच मिनिटं दिली, फूल पाहिलं, टॅक्सीवाल्याला जास्त पैसे कबूल केले. गाडी सुटायला अकरा मिनिटं असताना आम्ही डब्यात होतो.

कसाऱ्याच्या पुढं घाट लागला, डबा गार झाला, हिनं तिळाच्या वड्या वाटल्या. नात आईच्या मांडीवर झोपली होती. तिच्या फ्रॉकच्या खिशातून वाळू सांडत होती. आई बराच वेळ बाहेरच्या अंधाराकडे मान कलवून बसली होती. मग मला म्हणाली, ‘वद्य चतुर्दशीलासुद्धा हेच गणित लागू पडतं का रे?’

‘लागू पडतं,’ मी म्हटलं. ‘समुद्राला शुद्ध-वद्य दोन्ही सारखंच.’

‘मग पुढची रविवारी कधी येते ते घरी गेल्यावर बघ. आणि शेजाऱ्यांना विचार, हाजीअलीच्या खडकांवर खुर्ची नेता येते का.’